अकेबोनोच्या रस्त्यावरचा दगड

त्सुकुबा, ३ डिसेंबर १९९५

ती. सौ. सुप्रभावहिनींना विभाचा नमस्कार.

माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट न फोडताच दादाच्या टेबलावर ठेवाल, म्हणून त्यावर मुद्दाम तुमचं एकटीचं नाव घातलं आहे. दादाला मी वेगळं लिहिते. हे तुमचं आहे. सहा वर्षांनी लिहिते आहे आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. म्हणून आज फक्त इथल्या एका दगडाबद्दल लिहिते.

आम्हाला इथे येऊन दोन वर्षं झाली. सत्यजित सकाळी आठला संशोधन संस्थेत जातो. ओवी जपानी शाळेत तिसरीत आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. गाव नवं, आखून वसवलेलं. रस्ते सरळ, झाडं एका ओळीत, कचरा टाकायलासुद्धा वार ठरलेले. आमच्या इमारतीत सगळेच बाहेरून आलेले, त्यामुळे या जागेला काही मागचं असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

रविवारी आम्ही दोघी सायकलवर जरा लांब गेलो. इमारती संपल्या, पाइनचं रान लागलं आणि पुढे गवताची शेतं. वहिनी, इथे लोक गवत पिकवतात. जनावरांसाठी नाही, बागांसाठी आणि मैदानांसाठी. मातीसकट चटईसारखं सोलतात आणि गुंडाळी करून विकतात. तिथे एका फाट्यावर पुरुषभर उंचीचा दगड उभा होता. त्यावर मोठी अक्षरं कोरलेली. ओवीने पहिलं वाचलं, "उघडणं." दुसऱ्यापाशी अडली. "हे आम्हाला अजून शिकवलं नाही."

शेजारच्या शेतात एक म्हातारी वाकून काम करत होती. कंबरेत पार दुमडलेली. ती तशीच चालत आली आणि म्हणाली, "काइताकु." आम्हाला कळेना, तेव्हा तिने दोन्ही हातांनी कुदळ मारल्यासारखं केलं, मग मूळ उपटल्यासारखं. रान मोडून शेत करणं, असा अर्थ. वस्तीचं नाव अकेबोनो, म्हणजे पहाट. दगडामागे नावं होती. तिने ती बोटाने मोजून दाखवली. सत्तावीस. ज्यांनी इथे पहिली कुदळ मारली ते.

तिचं नाव हात्सुए-सान; 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'. त्र्याहत्तर वर्षांची आहे. निघताना तिने ओवीच्या हातावर रताळ्याच्या वाळवलेल्या कापा ठेवल्या. इकडची खास वस्तू. गोड, चिवट, दातांना चिकटणारी. खाताना एकदम आपली चूल आठवली. एकादशीला तुम्ही रताळी राखेत पुरायचात आणि जळकं टोक माझ्यासाठी बाजूला काढायचात. मला ते आवडतं हे घरात दुसऱ्या कुणाला माहीतही नव्हतं.

एवढंच लिहायचं होतं.

विभा


त्सुकुबा, १८ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. वहिनी,

दादाने लिहिलंय की पत्र तुम्ही घेतलंत आणि काही बोलला नाहीत. परत आलं नाही, मला तेवढं पुरे आहे.

मी आता दर शनिवारी हात्सुए-सानकडे जाते. उत्तरेचा वारा सुटला की इथली काळी माती पिठासारखी उडते, दारं-खिडक्या बंद असूनही ताटात येते. त्या म्हणतात, हे काहीच नाही, पूर्वी तर भिंतीच नव्हत्या. त्यांचं बोलणं गावरान आहे, मला निम्मं कळतं. उरलेलं ओवी सांगते, तेही जपानीतच, पण सोप्या.

तर ऐका. १९४६ साल. लढाई संपलेली. चीनच्या उत्तरेला मांचुरियात शेती करायला गेलेली माणसं सगळं तिथंच टाकून परत आली. हात्सुए-सान तेव्हा चोविशीच्या. सरकारने पाइनचं रान दाखवलं आणि सांगितलं, तोडाल ते तुमचं. सत्तावीस कुटुंबं गवताने शाकारलेल्या एका लांब पडवीत राहिली. झाड पाडायला एक दिवस लागायचा आणि त्याचं खोड उपटायला चार. पाणी दीड मैलावरच्या ओढ्यातून. विहीर लागायला दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत सगळ्यांचा स्वयंपाक एका काहिलीत व्हायचा आणि तो करायची किनु नावाची एक बाई. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाणी आणायची. घालायला काय, तर कोंडा, रताळ्याचे वेल आणि असेल तर मूठभर सातू. आधी मुलांना वाढायची, मग कुदळ मारणाऱ्यांना, मग बायकांना. "आणि किनु-सान?" मी विचारलं. हात्सुए-सानने काहील पुसून बोट चाटल्याची खूण केली.

तिसऱ्या हिवाळ्यात किनुचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. एकट्या बाईच्या नावाने जमीन ठेवत नसत, ती नव्याने आलेल्या दुसऱ्या कुटुंबाला गेली. किनु एक गाठोडं घेऊन उत्तरेला भावाकडे निघून गेली. वस्तीला वीस वर्षं झाली तेव्हा दगड बसवला. त्यावर ज्यांना जमीन मिळाली त्यांची नावं आली. किनुच्या नवऱ्याचंही नाव नाही, मग तिचं कुठून असणार?

या शरद ऋतूत वस्तीला पन्नास वर्षं होतात. दगडाशेजारी इतिहास सांगणारा एक फलक लावायचा आहे, जपानीत आणि इंग्रजीतही, कारण आता इथे परदेशी लोक खूप. समाजमंदिरात आम्हाला भाषा शिकवणाऱ्या बाईंनी इंग्रजी मजकुरासाठी माझं नाव सुचवलं. मी पटकन हो म्हटलं. असं काम मी पूर्वी केलेलं आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

विभा


त्सुकुबा, २१ एप्रिल १९९६

ती. सौ. वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

मोतेगी-सान हे वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. एकसष्टीचे, शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी लिहिलेला जपानी मजकूर माझ्याकडे आला. त्यात होतं, "सत्तावीस वीरांनी आपल्या कुटुंबांसह हे रान मोडलं." वीरांची नावं होती. कुटुंबं नुसतीच कुटुंबं होती. मी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, बायकांची नावं घालता येतील का? किनु-सानचं तरी?

त्यांनी चहा पुढे केला, जरा विचार केला आणि अगदी मायेने हसून म्हणाले, "विभा-सान, जेवणाचं कुणी दगडावर लिहितं का?"

वहिनी, हे वाक्य माझं आहे.

१९८९ साली बाबांनी आपल्या घरात सुरू केलेल्या वसतिगृहाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली, तिचा मजकूर मी लिहिला. बाबांचं नाव, दादाचं, देणगीदारांचं, जागा देणाऱ्यांचं. संध्याकाळी अंगणात पाहुणे बसले होते. तुम्ही पदराला हात पुसत बाहेर आलात, कंदिलाच्या उजेडात दगड वाचलात आणि म्हणालात, "विभावन्सं, माझं नाव कुठंशी आहे?" आणि मी म्हणाले, "वहिनी, दगडावर भाकरीचं काय लिहिणार?" सगळे हसले. मीही हसले. तुम्ही आत गेलात. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही बाहेर आला नाहीत. मी दादाला म्हटलं, वहिनींचा स्वभाव जरा चमत्कारिकच झालाय.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो विनोद होता. विनोद नव्हता. तुम्ही चार लोकांत असं तोंडाने विचारलंत याची मला लाज वाटली होती. मी कॉलेजात इतिहास शिकवणारी, आणि माझ्या घरातली बाई स्वतःचं नाव मागते. आज मला त्या लाजेची लाज वाटते.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा तुम्ही आपल्या घरी आलात. एकविशीच्या. अकरा वर्षांच्या पोरीला 'वन्सं' म्हणायचात. वीस वर्षं तुम्ही रोज चाळीस पोरांच्या भाकऱ्या थापल्यात, दोन्ही वेळच्या. दुष्काळात आपल्या जतला प्यायला पाणी नव्हतं तेव्हाही पोरं एक दिवस उपाशी निजली नाहीत. आणि मला पुण्याला शिकायला पाठवायचं की नाही यावर बाबा अडून बसले, तेव्हा चुलीपाशी बसूनच तुम्ही म्हणालात, "वन्सं शिकल्या नाहीत तर उद्यापासून मी चूल पेटवत नाही." बाबा दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आले. मी जो इतिहास शिकले तो तुमच्यामुळे शिकले आणि त्यातून तुम्हालाच वगळलं.

रात्री जेवताना मी सत्यजितला म्हटलं, हा मजकूर असा मी लिहिणार नाही. तो म्हणाला, "विभा, आपण इथे पाहुणे आहोत." खरं आहे. पण मग मी त्याला १९८९चं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. ताट उचलताना तो म्हणाला, "मग काय करायचं ते कर."

उत्तराची अपेक्षा नाही.

विभा


त्सुकुबा, ७ जुलै १९९६

ती. सौ. वहिनी,

काय झालं ते लगेच सांगते, कारण ते तुमच्यामुळे झालं.

आज दुपारी वस्तीच्या सभागृहात समितीची बैठक होती. अकरा म्हातारे पुरुष चटयांवर बसलेले. मी आणि ओवी एका कडेला. बायका चहा देत होत्या, त्यात हात्सुए-सानही. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं की इंग्रजी मजकूर तयार आहे, एक वाक्य सोडून. बायकांची नावं मिळाली तर ते पुरं होईल.

कुणी रागावलं नाही. इथे कुणी समोर रागावत नाही. एक जण म्हणाले, फलक लहान आहे. दुसरे म्हणाले, तीस वर्षं दगड आहे तसा आहे, कुणाची तक्रार आली नाही. मोतेगी-सान म्हणाले, "घालायला हरकत नसती. पण निम्म्याहून अधिक बायका वारल्या. उरल्यांना आपण आजी म्हणतो, काकू म्हणतो. नावं आता कुणाला आठवणार?"

हात्सुए-सानने किटली खाली ठेवली. "मला," त्या म्हणाल्या.

त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या, डोळे मिटले आणि रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकापासून चालायला लागल्यासारखं एकेक घर घेतलं. "पहिलं घर, मासा. दुसरं, योशिनो. विहिरीजवळचं, तामी. तिला पोहता यायचं." कुणाचं माहेर कुठलं, कोण गाणं म्हणायची, कुणी खोडं उपटताना बोट गमावलं, सगळं. समोरचे पुरुष एकेक करून मान खाली घालत होते. कुणाची आई येत होती, कुणाची बायको.

अकराव्या घरापाशी त्या थांबल्या आणि मोतेगी-सानकडे वळल्या. "हे तुम्ही सांगा."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "सेत्सु. माझी आई." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. किनु-काकू मला काहिलीच्या तळाचं वाढायची. तळाशी घट्ट असतं. वरचं नुसतं पाणी असायचं. मला वाटायचं, माझ्यावर तिची खास माया आहे."

"ती सगळ्याच पोरांना तळाचं वाढायची," हात्सुए-सान म्हणाल्या. "ढवळायचीच तशी."

सत्तावीस घरं झाली, अठ्ठाविसावी किनु झाली. मी लिहून घेतलेली यादी मोजली तर एक कमी भरत होती. चौदावं घर सुटलेलं. मी विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या. "ते माझंच," म्हणाल्या.

मोतेगी-सानने मला वाकून नमस्कार केला. मी तशीच वाकले. त्यांना मी सांगू शकले नाही की हे विचारायचं मला कुणी शिकवलं. तुम्हाला सांगते. अंगणात सगळ्यांसमोर जे तुम्ही विचारलंत, तेच मी इथे विचारलं. फक्त मला विचारायला परदेश लागला. तुम्ही स्वतःच्या दारात विचारलं होतंत.

विभा


त्सुकुबा, ३ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. वहिनी,

आज फलक लागला. ओवीने काढलेला फोटो सोबत पाठवते. अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून सांगते. वरच्या भागात वस्तीचा इतिहास, खाली अठ्ठावीस बायकांची नावं, रस्त्याच्या क्रमाने. किनुचं नाव कोणत्या चित्राक्षरांनी लिहायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हात्सुए-सान म्हणाल्या, लहान मुलं लिहितात तशा साध्या अक्षरांत लिहा, तिला तेवढीच येत होती. तसंच लिहिलं आहे.

मोतेगी-सानने उन्हाळ्यात किनुच्या भावाच्या गावी पत्र टाकलं होतं. उत्तर पुतण्याकडून आलं. किनु पंचवीस वर्षांपूर्वीच वारली. अकेबोनोबद्दल घरी फारसं बोलली नाही, एवढंच म्हणायची की तिथे पोरं खूप होती. पुतण्याला येता आलं नाही, पण त्याने सफरचंदांची एक पेटी पाठवली. समारंभाची भाषणं झाल्यावर ती पेटी उघडली आणि प्रत्येकाला एकेक दिलं. सत्तरीतली माणसं रस्त्याकडेला उभी राहून सफरचंद खात होती. मोतेगी-सानने तर बियांपर्यंत खाल्लं.

हात्सुए-सान मला म्हणाल्या, "तू नसतीस तर हे झालं नसतं." मी म्हटलं, तुम्ही नसतात तर मला काही दिसलंच नसतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. खरखरीत, गरम हात. मी या देशाची फार ऋणी झाले आहे, वहिनी. इथे आले नसते तर मी आयुष्यभर तुम्हालाच चमत्कारिक म्हणत राहिले असते.

दादाला मी लिहिलं आहे की कोनशिलेशेजारी दुसरा दगड बसवायचा, तुमच्या नावाचा. तो म्हणतो, तुमच्याशी बोलायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून मीच विचारते. बसवू का?

विभा


त्सुकुबा, १५ डिसेंबर १९९६

ती. सौ. वहिनी,

गुणवंत आज येऊन गेला. आपल्या वसतिगृहातला, सातवीत असताना आलेला तो किडकिडीत गुणवंत आता टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, ओजिमाला राहतो, हे मला दादाने कळवलेल्या तुमच्या निरोपावरूनच कळलं. दिवाळीला गावी गेला तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ दिलेली पिशवी घेऊन तो बसने इथे आला. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि पत्र.

पत्राआधी त्याच्याकडून ऐकलं. म्हणाला, "ताई, तुमची सगळी पत्रं पिठाच्या डब्याखाली आहेत. मला वाचून दाखवायला लावली. डोळ्यांवर चष्मा होता की त्यांच्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही वाचलेलीच दिसताय. तर म्हणाल्या, वाचलीत रे, पण एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. तुझ्यासारख्यांनीच खाल्लंय." वाचताना त्याला मध्येच थांबावं लागलं, हेही त्याने सांगितलं.

मग मी तुमचं पत्र उघडलं. तुमचं अक्षर मी सात वर्षांत बघितलं नव्हतं. तुम्ही लिहिलंय, "वन्सं, दगडावर नाव नव्हतं त्याचं मला एवढं वाटलं नाही. तुम्ही हसलात त्याचं वाटलं. बाकीचे हसले तर हसू देत, ते परके. तुम्हाला मी हातानं जेवू घातलेलं."

एवढं वाचून मी पत्र मिटलं आणि पुन्हा उघडलं. गुणवंत खिडकीबाहेर बघत बसला.

वहिनी, चुकले मी. हसायला नको होतं.

पुढचं तुमचं म्हणणं मी दादाला जसंच्या तसं कळवते. एकटीच्या नावाचा दगड नको. बसवायचाच तर पाणी भरणारी सोनाबाई, दळण करणारी अनुसया आणि तुमच्या बाळंतपणात पाच महिने चूल सांभाळणाऱ्या गुणवंताच्या आजी, या तिघींची नावं आधी, तुमचं शेवटी. आजीचं नाव तुम्हाला आठवेना म्हणून जागा कोरी सोडली होतीत. मी गुणवंतला विचारलं. तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "ठकूबाई. ठकूबाई म्हणायचे तिला." आणि त्याने स्वतःच्या हाताने तुमच्या पत्रात ते लिहिलं.

दुपारी मी भाकरी केली. वीस वर्षांत केली नव्हती. पीठ चांगलं मळलं, पण थापताना कडा फाटल्या, एक तव्यावर टाकतानाच मोडली. गुणवंतने दोन खाल्ल्या. मी विचारलं, कशी झालीय? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, वहिनींची अशी नसायची." सत्यजित हसला, मग मीही.

ओवीने आजवर भाकरी पाहिलेली नव्हती. तिने मोडलेली घेतली, चटणी लावली, डोळ्यांत पाणी आलं तरी सगळी संपवली आणि ताटली माझ्यापुढे धरली. "ओकावारी," म्हणाली. आणखी वाढ, असं ते.

मी म्हटलं, "मराठीत माग, तरच मिळेल."

तिने जरा विचार केला आणि विचारलं, "ही कुणी शिकवली तुला?" चक्क मराठीत. मी तिला सांगायला बसले. सांगून झालं तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि पीठ निम्मं संपलं होतं. तिच्या शाळेला मार्चच्या शेवटी सुट्टी आहे. आम्ही दोघी येतो आहोत. मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

तुमची
वन्सं